अडीचशेच्या वर गेलं तर परत

पूर्व तुर्कस्तानात जायचं हे माझ्या मित्राचं स्वप्न. माझं नव्हे. मी ह्यूस्टनमध्ये एका गॅस पाइपलाइनच्या कंपनीत मीटर तपासण्याचं काम करतो, सुट्टीत घराच्या छपराची पन्हळ साफ करतो आणि त्यात मला काही कमी वाटत नाही. मित्र भूशास्त्रज्ञ. आमच्या घरापासून पावणेदोन मैलांवर राहतो. तेल कंपनीत पंचवीस वर्षं तो जमिनीखालचे थर स्क्रीनवर बघत आला होता. नागपूरला कॉलेजात असताना त्याच्या पुस्तकात अर्ध्या पानाची एक आकृती होती: नेमरुत नावाच्या ज्वालामुखीचा लाव्हा दरीत उतरला, पाण्याची वाट अडली आणि त्यातून वानचं प्रचंड सरोवर तयार झालं. त्या ज्वालामुखीच्या तोंडाशी एकदा उभं राहायचं, एवढीच त्याची इच्छा होती. मोठ्या दगडी डोक्यांचा जो प्रसिद्ध नेमरुत आहे, तो हा नव्हे. हे तो प्रत्येकाला सांगायचा, न विचारता.

अडचण त्याच्या शुगरची होती. २००६ च्या वसंतात तो किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये चक्कर येऊन पडला होता, ट्रॉलीसकट. तेव्हापासून वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्याला एकट्याला लायब्ररीतसुद्धा सोडत नव्हत्या. सप्टेंबरात तुर्कस्तान म्हटल्यावर त्यांनी सरळ नाही म्हटलं. मग बराच विचार करून म्हणाल्या, "भावोजी जात असतील तर जा."

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर अटी ठरल्या. रोज दोनदा रक्त तपासायचं, सकाळी नाश्त्याआधी आणि संध्याकाळी पाचला. आकडा मी वाचायचा, मी लिहायचा आणि मी ईमेलने कळवायचा. आकडा अडीचशेच्या वर गेला तर प्रवास तिथंच संपला, जवळच्या विमानतळावरून परत.

"ही तुला मुद्दाम पाठवतेय बरोबर," मित्र मला म्हणाला. "तुला खोटं बोलता येत नाही म्हणून."

"येत नाहीच," वहिनी म्हणाल्या. "आमच्या भिशीत सगळ्यांना माहितीय. मागे एका पूजेला भावोजींनी यजमानीणबाईंना तोंडावर सांगितलं होतं की शिरा खालून लागलाय."

लागला होता. मला विचारलं म्हणून मी सांगितलं.

पंधरा दिवस, रोज दोन, म्हणजे तीस वेळा तपासणी. मी पट्ट्या पन्नास घेतल्या, सुया पन्नास आणि बोट पुसायला स्पिरिटचे छोटे बंद रुमाल छत्तीस. तीस अधिक वीस टक्के. एकाच हाताची बोटं सोलवटून जाऊ नयेत म्हणून एक तक्ता केला: पहिले आठ दिवस डावा हात, मग उजवा. मित्राने तक्ता पाहिला आणि म्हणाला, "तुझ्या बायकोला माझा साष्टांग नमस्कार सांग."

पहिला मुक्काम एर्झुरूम. समुद्रसपाटीपासून सुमारे एकोणीसशे मीटर, हवा कोरडी, माणसं गंभीर आणि चहा अखंड. इथं साखर चहात घालत नाहीत. साखरेचा टणक खडा दातात धरायचा आणि त्यावरून बिनसाखरेचा चहा ओढायचा. आम्ही ज्या दुकानात टेकू तिथं चहा यायचा. चपला बघायला टेकलो तरी चहा. पत्ता विचारला तरी चहा. मित्राने साखर घेऊ नये अशी अट होती आणि ती त्याला मान्य होती. पण साखरेला नको म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा आणि तो आणखी दोन खडे ठेवायचा. मित्राने कोणती शक्कल काढली हे मला आठ दिवस कळलं नाही. मी दर वेळी वहीत ग्लास टिपत असे. वहिनींनी चहाही मोजायला सांगितला होता. मी मान वर करेपर्यंत त्याच्या बशीतली साखर गायब झालेली असे आणि तो तोंड मिटून, अत्यंत निष्पापपणे चहा पीत असे.

"साखर कुठं गेली?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"परत दिली."

आकडा संध्याकाळी १५२ आला. मी पुढे विचारलं नाही.

कार्सला पाचव्या दिवशी मी सामान तपासलं. रुमाल सव्वीस उरायला हवे होते, उरले होते अकरा.

"पंधरा कुठं गेले?"

"चष्मा पुसला," तो म्हणाला. "धूळ किती आहे बघतोयस ना यार. फार मस्त पुसला जातो चष्मा त्याने."

मी हिशेब केला. तपासण्या वीस बाकी, रुमाल अकरा. सकाळी आंघोळ झालेली असते, हात स्वच्छ असतात, तेव्हा सकाळी रुमाल नको. संध्याकाळी दिवसभराची धूळ असते, तेव्हा रुमाल. दहा संध्याकाळी, दहा रुमाल, एक शिल्लक. कापूस आणि स्पिरिट कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळालं असतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. गणित जुळलं की मी पुढचा विचार करत नाही. ही माझी जुनी सवय आहे आणि ऑफिसात तिला गुण समजतात.

तिथून दोउबायझितला गेलो. अराराट पर्वत पाच हजार मीटरच्या वर, पांढराशुभ्र, रस्त्याच्या शेजारून एकदम उठलेला. मी दोन तास बघत राहिलो. मित्राने पंधरा मिनिटं बघितला आणि "छान आहे, पण कामाचा नाही," असं म्हणून मिनीबसची चौकशी करायला गेला. त्याला वान गाठायचं होतं. सातव्या दिवशी दुपारी वानला पोचलो. समोर सरोवर, निळं, पलीकडचा काठ दिसेना. त्या पलीकडच्या काठावर तात्वान आणि तात्वानच्या डोक्यावर नेमरुत. रस्त्याने अडीच-तीन तास. दहाव्या दिवशी निघायचं ठरलं. मित्र हॉटेलच्या गच्चीवर उभा राहून पश्चिमेकडे असा बघत होता की मुलगी बघायला आलेला मुलगा लाजेल.

नवव्या दिवशी सकाळी त्याची आंघोळ झाली, तो नेहमीप्रमाणे वीस मिनिटं फिरून आला. तक्त्याप्रमाणे त्या दिवसापासून उजवा हात. रुमाल नाही, कारण सकाळ. त्याने बोट टोचलं, मी मीटर धरलं.

३१८.

आधीच्या सोळा तपासण्यांत सगळ्यांत मोठा आकडा १८६ होता. मी घाबरलो नाही. कुठलाही आकडा विचित्र आला तर पुन्हा मोजायचं, हे मी नोकरीतल्या नव्या पोरांना शिकवतो. त्याच हाताचं शेजारचं बोट टोचलं. २९१.

"तू काय खाल्लंस?"

"पाणी प्यालो."

"बाहेर काय खाल्लंस?"

"अरे, काही नाही! शपथ."

"मग तीनशे अठरा कुठून आले?"

"तुझ्या मशीनला विचार ना. तू मीटरवाला."

"मी दोनदा मोजलंय."

"मग शंभरदा मोज. मी खाल्लेलं नाही."

वानचा नाश्ता प्रसिद्ध आहे. आमच्या टेबलावर एकोणीस बशा होत्या. मध, साय, पाच प्रकारचं चीज, अक्रोड, ऑलिव्ह, मुरांबे. मित्राने मधाची बशी दोन बोटांनी उचलून टेबलाच्या माझ्या टोकाला ठेवली आणि कोरड्या भाकरीसारखा रोटीचा तुकडा चघळत बसला, माझ्याकडे रोखून बघत. मला ते नाटक वाटलं.

"तू मेल करणार?" त्याने विचारलं.

"ठरलंय तसं."

"उद्या नेमरुत आहे. एक दिवस. एक दिवसाचा मेल उशिरा कर, तेवढंच मागतोय. इंटरनेट बंद होतं म्हण."

"बंद नाहीये. मी आत्ताच बघून आलो."

त्याने रोटी खाली ठेवली. "ट्रॉली घेऊन मी पडलो तेव्हा अँब्युलन्स येईपर्यंत तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास," तो म्हणाला. "आता हे."

"म्हणूनच हे," मी म्हटलं आणि इंटरनेट कॅफेत गेलो. तिथल्या कीबोर्डवर अक्षरं भलत्या जागी असतात, त्यामुळे तीन ओळींच्या मेलला पंचवीस मिनिटं लागली. दोन्ही आकडे लिहिले, वेळ लिहिली, बोटं लिहिली. ह्यूस्टनला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणजे उत्तर संध्याकाळपर्यंत येणार. तिथून मी विमान कंपनीच्या ऑफिसात जाऊन इस्तंबूलच्या जागांची चौकशी केली. परवा दोन जागा होत्या.

खोलीवर आलो तर मित्र पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याचं जाकीट खुर्चीवरून घसरून खाली पडलं होतं. मी उचललं. जड लागलं. झटकलं तर खिशातून साखरेचे खडे आणि चौकोनी तुकडे फरशीवर सांडले आणि पलंगाखाली, कपाटाखाली, माझ्या बुटांत गेले.

मी ते गोळा करून मोजले. तेवीस.

"ऊठ," मी म्हटलं.

त्याने मान वळवली, साखर पाहिली आणि डोळे मिटले.

"परत दिली म्हणाला होतास."

"परत कशी देणार? ते लोक दुप्पट देतात."

"म्हणून खाल्लीस."

तो उठून बसला. "मीटरवाल्या, जरा डोकं चालव. खाल्ली असती तर खिशात राहिली असती का?"

मुद्दा बरोबर होता. पण अपुरा. मी वही उघडली. आठ दिवसांत त्याचे चहाचे ग्लास अठ्ठावन्न. दर ग्लासला दोन प्रमाणे एकशे सोळा. खिशात तेवीस. "त्र्याण्णव कुठं आहेत?"

त्याने गोळा केलेल्यातला एक खडा उचलून फिरवून बघितला. मग म्हणाला, "घोड्यांना घातली."

"कुठल्या घोड्यांना?"

"तीन गावांतल्या. सकाळी फिरायला जातो ना मी? साखर रस्त्यावर टाकून देऊ? अन्न आहे ते. आपल्याकडे ताटात शीतसुद्धा टाकत नाहीत, आणि लोकांनी मानानं दिलेलं गटारात टाकू? आणि तुला सांगितलं असतं तर तू वहीत लिहिलं असतंस, 'साखर घेतली.' घेतली एवढंच वाचून तिकडे ती मूर्च्छा येऊन पडली असती."

मी तसंच लिहिलं असतं हे खरं.

"घोडा दाखव," मी म्हटलं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा कलिंगडांच्या गाडीपाशी उभा होता आणि गाडीला एक करडा घोडा जुंपलेला होता. आम्ही तीस-चाळीस पावलांवर असतानाच घोड्याने कान टवकारले. मित्र जवळ जाताच त्याने सरळ त्याच्या जाकिटाच्या उजव्या खिशात तोंड खुपसलं. डाव्या नव्हे, उजव्या. म्हातारा हसून काहीतरी म्हणाला आणि त्याने दोन बोटं वर करून मित्राकडे बोट दाखवलं. काल आणि आज, असा मी अर्थ घेतला. एवढा स्पष्ट साक्षीदार मला आयुष्यात मिळालेला नाही.

"तूही घाल," मित्र म्हणाला आणि चार खडे माझ्या हातात दिले.

मी तळहातावर साखर धरली. घोड्याने ओल्या ओठांनी ती उचलली. हात चिकट झाला. मी तो पँटला पुसला आणि तिथंच, कलिंगडांच्या गाडीपाशी, माझ्या लक्षात आलं.

धावत हॉटेलवर आलो. मी आयुष्यात शेवटचा कधी धावलो होतो ते आठवत नाही. मला मधुमेह नाही. माझ्या चिकट उजव्या हाताचं बोट टोचलं: २६४. साबणाने हात दोनदा धुतला, कोरडा केला, शेजारचं बोट: ९२. मागून धापा टाकत मित्र आला, त्याचा हात धुऊन घेतला: १४३.

घोड्याला तो उजव्या हाताने साखर घालत होता. आठ दिवस आम्ही डावा हात टोचत होतो. नवव्या दिवशी माझ्या तक्त्याने उजवा हात आणला, माझ्या हिशेबाने रुमाल काढून घेतला आणि मी दोनदा मोजलं ते एकाच चिकट हातावर. मीटर एकदाही चुकलं नव्हतं.

"चुकलो," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. एवढंच.

पाच वाजता ह्यूस्टनला सकाळचे नऊ. मी हॉटेलच्या काउंटरवरून फोन लावला.

"मेल वाचला," वहिनी म्हणाल्या. "तिकिटं बदललीत?"

"वहिनी, आकडा चुकीचा होता."

"तुम्ही दोनदा मोजलं असं लिहिलंय."

"दोन्ही चुकीचे. हाताला साखर लागली होती."

"हाताला साखर का लागली होती?"

आता मी खरं सांगितलं. "ते घोड्याला साखर घालत होते."

पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"भावोजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा?"

"वहिनी, खरंच घोडा आहे. करडा आहे. मी भेटलोय त्याला."

"एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की हा माणूस खोटं बोलत नाही. आणि बोललात ते काय, तर घोडा! त्यापेक्षा मशीन बिघडलं म्हणायचं, मी विश्वास ठेवला असता."

मित्र शेजारी उभा होता. दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. खरं बोलून विश्वास न बसणं म्हणजे काय, हे मला कळतंय याचं ते समाधान होतं.

मी म्हटलं, "तिसऱ्या माणसाकडून मोजून घेतो. तुम्ही सांगाल त्याच्याकडून."

"औषधांच्या दुकानात जा. तिथला नंबर मला द्या. मी उलट फोन करेन."

हॉटेलच्या शेजारी दुकान होतं. काउंटरमागे चाळिशीच्या एक बाई होत्या, पांढरा कोट, चांगलं इंग्रजी. मी नंबर कळवला आणि त्यांना सगळं समजावलं. तीनशे अठरा म्हटल्यावर त्या माझ्याकडे बघायच्या थांबल्या आणि मित्राकडे बघायला लागल्या. घोडा म्हटल्यावर पुन्हा माझ्याकडे. तेवढ्यात फोन वाजला.

वहिनींनी आधी त्यांची परीक्षा घेतली. ती मला एकाच बाजूने ऐकू आली. बाईंनी मित्राची मेटफॉर्मिनची गोळी कशासाठी देतात ते सांगितलं, जेवणाबरोबर की आधी ते सांगितलं, मग जरा ताठ होऊन कुठल्या विद्यापीठातून किती साली पदवी घेतली तेही सांगितलं. पास झाल्या असाव्यात, कारण त्यांनी फोन खांद्यात धरला आणि मित्राला बेसिनकडे पाठवलं. साबण. पुन्हा साबण. दोन्ही हातांचं एकेक बोट, त्यांचं स्वतःचं मशीन. त्यांनी आकडे फोनवर मोठ्यांदा वाचले: एकशे एकेचाळीस, एकशे अडतीस.

आता फोन ठेवतील असं मला वाटलं. पण त्या बोलतच राहिल्या. मध्येच हसल्या, मध्येच "यस, यस, माझेही" असं म्हणाल्या, मग मित्राला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी त्याच्या पोटाचं वर्णन केलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं थांबली होती. त्यांच्यासाठी आणि आमच्यासाठी चहा आला. बशीत दोन तुकडे. मित्राने ते पाहिले आणि तो हात पाठीमागे बांधून उभा राहिला. फोन सव्वीस मिनिटं चालला.

शेवटी बाईंनी फोन माझ्याकडे दिला.

"जा उद्या," वहिनी म्हणाल्या. "दोन्ही हात साबणाने. आणि भावोजी, घोडा खरा आहे म्हणे. ह्या बाईंच्या दुकानावरून रोज जातो."

दुसऱ्या दिवशी मिनीबसने तात्वानला आलो. वाटेत मित्र माझ्याशी कामापुरतं बोलला. पाणी दे. उतर. खिडकी लाव. मी पुन्हा एकदा म्हटलं, "मी चुकलो, सांगितलं ना."

"चूक झाली त्याचं काही नाही," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मी खाल्लं नाही म्हटलं, आणि तू मशीनकडे बघितलंस. माझ्याकडे बघितलंच नाहीस."

बघितलं नव्हतं. आजही मी मशीनकडेच बघतो.

तात्वानहून टॅक्सी केली. टॅक्सीवाला पन्नाशीचा, मोठ्या मिशांचा, इंग्रजी शून्य. वळणावळणाचा कच्चा रस्ता, वर गेल्यावर वारा असा की दार उघडायला दोघांचा जोर लागला. आम्ही कड्यावर उभे राहिलो. खाली मैलोगणती रुंद वाटी, तिच्यात एक मोठं अर्धगोल निळं तळं आणि एक छोटं हिरवं. आणि पाठ फिरवली की दुसऱ्या बाजूला, खूप खाली, वानचं सरोवर, आभाळाला टेकलेलं.

मित्राने टोपी काढली. टोपी हातात धरून आधी आत बघितलं, मग बाहेर, मग पुन्हा आत. त्याचे डोळे वाहत होते. वारा होताच.

मग त्याने न वळता माझ्या दंडाला धरून खेचलं. "तो काळा पट्टा बघ. तो नाही रे, त्याच्या डावीकडचा. ती वाट. तिकडून उतरला लाव्हा. आता इथून सरळ रेषा धर..."

तो पन्नास मिनिटं बोलला. टॅक्सीवाला आधी गाडीत बसून होता, मग उतरून आमच्यामागे उभा राहिला, मग त्याला राहवेना. तो उकिडवा बसला आणि काडीने धुळीत त्याची स्वतःची आकृती काढायला लागला: इथं डोंगर, इथं पाणी, आणि इथं, मधोमध, कोणीतरी माणूस मोठी टोपी घातलेला; "नेमरुत, नेमरुत" म्हणत तो डोक्यावर मुकुटासारखी बोटं धरून दाखवत होता. मित्राने खाली बसून टोपीवाला माणूस पुसला आणि तिथं बाण काढला. टॅक्सीवाल्याने बाण पुसून माणूस परत काढला, आधीपेक्षा मोठा.

"अरे, याला सांग कोणीतरी!" मित्र मला म्हणाला. "राजा-बिजा कोणी नव्हता, लाव्हा होता!"

"तूच सांग," मी म्हटलं.

"मग इकडे ये. इथं सरोवराच्या जागी पाय ठेव आणि हलू नकोस."

मी सरोवराच्या जागी उभा राहिलो. ते दोघं माझ्या बुटांभोवती आलटून पालटून पुसत आणि काढत राहिले, एक मराठीत आणि एक त्याच्या भाषेत, दोघंही एकाच वेळी.